मंगळवारचं पाणी

"चार डझन बांगड्या काढ. हिरव्या. सगळ्यात हलक्यातल्या," तान्हूबाई माझ्या ओट्यासमोर उभी राहून म्हणाली.

"कुणाच्या हातासाठी?"

"साहेबाच्या."

"माप आणलंस?"

मागच्या बायका खो खो हसल्या. तान्हूबाई हसली नाही. ती कांदे-बटाटे विकायची, आणि तिची थट्टा करायचीच असेल तर तिच्या हाताला लागणार नाही एवढ्या अंतरावरून करावी, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं.

"चंद्रे, मस्करी नगं. पुढल्या मंगळवारी नगरपालिकेवर मोर्चा न्यायचा. साहेबाला बांगड्यांचा आहेर करायचा. दे."

"देत नाही."

"का गं?"

"माझा माल, माझी मर्जी."

खरं कारण तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं. मी कासारीण. रासन्यांच्या घरात लग्न होऊन आले त्या वर्षापासून बायकांच्या हातात बांगड्या भरते. बांगडी फुटली तर 'फुटली' म्हणत नाही आम्ही, 'वाढवली' म्हणतो. भरून झाल्या की बाई, मग ती वयानं कितीही मोठी असो, आधी मला नमस्कार करते आणि मग उठते. तीच वस्तू शिवी म्हणून कुणाच्या तोंडावर मारायची, हे ऐकून माझं डोकं तापलं होतं. आणि माझं डोकं एकदा तापलं की लवकर निवत नाही.

"समद्यात जास्त गरज तुला," तान्हूबाई म्हणाली, "आन् तूच शेपूट घालतीस?"

ते मात्र झोंबलं, कारण गरज मलाच होती हे खरं होतं.

मांडवसरचा बाजार मंगळवारचा. बाजारात आम्ही चाळीसेक बायका बसायचो, पहाटे पाचपासून दिवस मावळेपर्यंत. नगरपालिकेनं कट्ट्यामागं बायकांसाठी चार खोल्यांचा संडास बांधला होता. फीत कापली, पेढे वाटले आणि दुसऱ्याच दिवशी दाराला कुलूप लागलं. आत नगरसेवक उत्तमरावांच्या सिमेंटची पोती होती. पुरुषांना काय, सगळ्या गावाच्या भिंती मोकळ्या होत्या. आम्ही सोमवारी रात्री जेवण झालं की पाणी बंद करायचो. मंगळवारी फार तर चूळ भरायची, ओठ ओले करायचे, गिळायचं नाही. नव्या बाईला हे कुणी शिकवत नसे. एकदा फजिती झाली की ती आपोआप शिकायची.

मी सातवी पास, त्यामुळे अर्ज लिहायचं काम माझ्याकडे होतं. नऊ अर्ज दिले. नऊच्या नऊ अर्जांवर 'कार्यवाही सुरू आहे' असा शेरा आला.

त्या वर्षी शिमग्याच्या सुमारास मला कळा सुरू झाल्या. डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, "बाई, खडे झालेत. एक मूत्रपिंड जवळजवळ गेलंय. दिवसभर पाणी प्या, नाहीतर बाजार सोडा. हाच उन्हाळा असा काढलात तर दुसरंही जाईल." माझ्या मालकांची नजर जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. घरात मिळवते हात दोनच, आणि ते माझे. ओट्यावरची जागा महिनाभर रिकामी राहिली की दुसऱ्याला जायची. थोडक्यात, पाणी प्यायलं तर बाजार नाही, आणि बाजार केला तर पाणी नाही.

म्हणून तान्हूबाई शेपटाचं बोलली तेव्हा मी ओट्यावरून खाली उतरले.

"मोर्च्याला मी येणार. तुझ्याही पुढं चालणार. पण बांगड्या आणणार नाही, पाणी आणणार."

"पानी?"

"पुढच्या मंगळवारी सगळ्यांनी पोटभर पाणी प्यायचं. भर बाजारात, सगळ्यांदेखत. आणि मग साहेबाच्या कचेरीत जायचं. तिथं संडास आहे. जिन्याच्या डाव्या हाताला, मी बघितलाय. रांग लावायची. शिवी नाही, दगड नाही. नंबरानं जायचं."

मिरच्या विकणाऱ्या म्हाताऱ्या हमीदाबीनं तोंडाला पदर लावला आणि ती एवढी हसली की तिला ठसका लागला.

"आन् त्येनं न्हाई उघडलं तर?" तान्हूबाईनं विचारलं.

"तर आम्ही जाणार कुठं? तिथंच उभ्या राहू. अडचण आमची आहेच. मंगळवारी ती त्याचीही होऊ दे."

"तुजं पानी तू पी," तान्हूबाई म्हणाली. "म्या बांगड्याच आननार. दुकान काय तुजं एकटीचंच हाय व्हय?"

मंगळवार उजाडला. मी दोन कळशा भरून आणल्या, पण आमचं घोडं पहिल्याच पावलाला अडलं. बायकांना पाणी पिता येईना. सवयच अशी हाडात गेलेली की बाजारात फुलपात्र तोंडाला लावलं की घसा बंद व्हायचा. एकीनं घोट घेतला की दुसरी म्हणायची, "नको बाई, भीती वाटते." हमीदाबीनं तेवढं एक फुलपात्र पुरतं संपवलं. शेवटी मी म्हटलं, राहू दे, कळशा तिकडंच घेऊन जाऊ. अकराच्या उन्हात चाळीस बायका नगरपालिकेचा जिना चढल्या. तान्हूबाईच्या ओच्यात दुसऱ्या दुकानातल्या बांगड्या खुळखुळत होत्या आणि माझ्या कमरेवर एक कळशी होती, दुसरी मागच्या बाईच्या.

वर साहेबाच्या खोलीबाहेर टाईपरायटरवर घोरपडे बाई बसायच्या. कचेरीत बाईमाणूस त्या एकच. आमचे नऊ अर्ज त्यांनीच शिक्का मारून ठेवून घेतले होते, कधी मान वर न करता. नाव मला पाटीवरून कळलं होतं, हात मात्र ओळखीचा होता. वर्षातून दोनदा माझ्या ओट्यावर यायच्या, दोन-चारच्या मापाच्या साध्या बांगड्या, उजव्या हातात सहा. डाव्या हातात घड्याळ.

"साहेब कामात आहेत," त्या म्हणाल्या.

"आम्हीबी कामातच हाय," तान्हूबाई म्हणाली आणि दार ढकलून आत गेली.

मुख्याधिकारी कुलथे साहेब चाळिशीचे, गोरेपान, टेबलावर हात पसरून बसलेले. मी अर्जांचा विषय काढला. त्यांनी ऐकलं. मग हसून म्हणाले, "अहो बाई, शहराचे प्रश्न काय थोडे आहेत? पाणीपट्टी आहे, रस्ते आहेत. तुम्ही सकाळी घरून आटपून का येत नाही? दिवसातून कितीदा जावं लागतं तुम्हाला?"

दारातला शिपाई फिस्सकन हसला.

मला हे लिहितानासुद्धा कानशिलं गरम होतात. पण मी काही बोलायच्या आत तान्हूबाई टेबलाशी पोचली होती. तिनं साहेबाचं मनगट धरलं. पोती उचलणारी बाई ती, साहेबाला हात सोडवता येईना. दुसऱ्या हातानं तिनं बांगडी त्याच्या बोटांवर चढवली.

"भर बांगड्या आन् बस घरात!"

मला लांबूनच दिसलं की बांगडी दोन-सहाची आहे. आणताना तिनं आपल्याच हाताचं माप दिलं होतं. साहेबाचा पंजा केवढा थोरला! जन्मभर बांगड्या भरून घेतलेली बाई, पण दुसऱ्याच्या हातात चढवायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तिला वाटलं, जोर लावला की जाते.

"रेटू नको!" मी ओरडले.

तोवर काच कडकन गेली. साहेबाच्या अंगठ्याखाली तीन-चार तुकडे घुसले आणि हिशेबाच्या कागदांवर रक्त टपकलं. शिपाई "पोलीस, पोलीस" करत जिन्यावरून पळाला. निम्म्या बायका दारातून मागं सरल्या. तान्हूबाई हातात अर्धी बांगडी घेऊन तशीच उभी राहिली, आणि पहिल्यांदाच मला ती घाबरलेली दिसली.

"मला बांगड्या भरता?" साहेब ओरडला. "मी काय बाई आहे?"

"नाही," मी म्हणाले. "बाई असता तर काल रात्रीपासून पाण्याचा थेंब न घेता बसला असता. हात आणा इकडं."

"हात लावू नका! मी दवाखान्यात जातो."

"जा की. पण जाताना मूठ मिटली तर काच आणखी आत जाईल. कासारीण आहे मी. रोजचं काम आहे माझं."

त्यानं हात पुढं केला. दुसरं करणार काय?

मी कळशी टेबलावर ठेवली, फुलपात्रात पाणी घेतलं आणि त्याचा हात धरला. दगडासारखा ताठ. असे हात खूप बघितलेत मी. ताठ हातात काच भरायची तर कासार कधी जोर लावत नाही. पाणी लावायचं, अंगठ्याचा गड्डा हळूहळू दाबायचा आणि तोंडानं बोलत राहायचं. माहेर कुठलं, मुलं किती, पोरगी कितवीत आहे. बोलता बोलता बाई आपला हात विसरते, आणि ज्या क्षणी विसरते त्या क्षणी बांगडी जाते. यात माया वगैरे काही नसते. घाई केली तर माल जातो आणि दोघींचेही हात कापतात.

"ढिला सोडा हात. घरी कोण कोण असतं साहेब?"

"काय?"

"मुलंबाळं?"

"दोन मुली आहेत," तो दात आवळून म्हणाला. पहिला तुकडा निघाला.

"शाळेत जातात?"

"हो."

"शाळेत संडास आहे त्यांच्या?"

दुसरा तुकडा निघाला.

"माझं एक मूत्रपिंड गेलंय साहेब. डॉक्टर म्हणतात, पाणी प्या. मंगळवारी मी पिऊ शकत नाही, कारण तुमच्या संडासात सिमेंट आहे. तुम्ही विचारलंत ना, दिवसातून कितीदा जावं लागतं? एकदाही जात नाही आम्ही. पहाटे पाच ते संध्याकाळी सात, एकदाही नाही."

तिसरा तुकडा खोल होता. खरं सांगते, तो ओढताना जरा वाकडा ओढावा असं माझ्या मनात आलं. शिपायाचं ते फिस्सकन हसणं अजून कानात होतं. बोटं अर्ध्या गव्हाएवढी हलवली की झालं, कुणाला कळलं नसतं आणि साहेब महिनाभर सही करू शकला नसता. मी थांबले. मी त्याला माफ केलं म्हणून थांबले असं कुणी समजू नये. संध्याकाळी गावात त्या दिवसाची गोष्ट होणारच होती. ती रक्ताची झाली असती तर पाण्याचं कुणी नाव काढलं नसतं. मी तुकडा सरळ ओढला, जखमेवर पाणी ओतलं आणि त्याच्याच रुमालानं हात घट्ट बांधला.

मग मी तान्हूबाईकडे वळले. मघापासून साठलेलं सगळं तिच्यावरच निघालं.

"बांगड्या भरून घरात बसायचं म्हणालीस ना? कोण बसलंय गं घरात? तू बसलीस? मी बसले? ही हमीदाबी नवरा गेल्यापासून बावीस वर्षं मिरच्यांच्या खकाण्यात बसते. या घोरपडे बाई बघ, कचेरी चालवतात. चाळीस जणी बांगड्या भरून इथं उभ्या आहेत, आणि तू शिवी द्यायला काय शोधलंस, तर आपलेच हात!"

घोरपडे बाईंचा टाईपरायटर थांबला होता. तान्हूबाईनं ओच्यातल्या बांगड्यांकडे बघितलं.

"पानी दे," ती मग म्हणाली.

तिला मी फुलपात्र भरून दिलं. ती गटागटा प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा फुलपात्र पुढं केलं. तिचं बघून बाकीच्यांच्या घशातली गाठ सुटली. दोन्ही कळशा तळाशी आल्या, मग शिपायाच्या माठातलं पाणी संपलं. मी एकटीनं सहा फुलपात्रं प्यायले. मंगळवारी, दिवसाढवळ्या. ते पाणी छातीतून खाली उतरताना मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

मग आम्ही रांग लावली. सगळ्यात पुढं हमीदाबी, तिच्या मागं लसूणवाली, तिसरी तान्हूबाई, आणि तिच्या मागं मी. रांग संडासाच्या बंद दारापासून घोरपडे बाईंच्या टेबलाजवळून जिन्याखाली गेली.

"तो स्टाफसाठी आहे," साहेब खोलीतून म्हणाला. "किल्ली मिळणार नाही."

"थांबतो की," मी म्हणाले.

अर्ध्या तासानं हवालदार आला. "साहेबांना जखमी कुणी केलं?"

मला खोटं बोलायचं नव्हतं आणि तान्हूबाईचं नावही घ्यायचं नव्हतं. तर तीच रांगेतून म्हणाली, "म्या. लिवा, तान्हूबाई भीमराव खिलारे. बांगडी भराया गेले, फुटली. माजं चुकलं."

"चला मग ठाण्यात."

"येते. पर माजा नंबर तिसरा हाय. त्यो झाल्याबिगर न्हाई येत."

हवालदारानं रांगेकडे बघितलं, बंद दाराकडे बघितलं, आणि टोपी काढून डोकं खाजवलं. तान्हूबाईवर पुढं खटला झालाच. तारखांना आम्ही दोघी बरोबर जायचो, आणि कोर्टातही तिनं एक अक्षर फिरवलं नाही.

"या सगळ्यांना बाहेर काढा," साहेब दारात येऊन म्हणाला.

"साहेब, रांगेत उभं राहिल्याचं कलम कोणतं लावू?" हवालदारानं विचारलं. तो थट्टा करत नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं.

"घोरपडे बाई, एकेकीचं नाव लिहून घ्या."

घोरपडे बाई उठल्या. त्यांच्या हातात कागदही नव्हता आणि पेनही. त्या माझ्याजवळ आल्या.

"पाणी उरलंय का?"

कळशीच्या तळाशी थोडं होतं. मी ओतून दिलं. त्या उभ्यानंच शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या आणि साहेबाकडे वळल्या.

"सर, किल्ली तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे. चौदा वर्षं झाली मला इथं. तुमच्या आधीच्या साहेबांच्याही ड्रॉवरमध्येच असायची. मी दुपारी जेवायला घरी जाते असं तुम्हाला वाटतं ना? मी जेवायला जात नाही, सर."

घोरपडे बाईंनी हात पुढं केला आणि तसाच ठेवला. साहेबाचा उजवा हात बांधलेला, त्यानं डाव्या हातानं ड्रॉवर उघडला. किल्ली टेबलावर ठेवली, हातात दिली नाही. बाईंनी ती उचलली, कुलूप स्वतः काढलं आणि किल्ली हमीदाबीच्या मुठीत दिली. मग रांगेच्या कडेकडेनं चालत जिना उतरून शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, तुम्ही पुढं या की," मी वरून हाक मारली. "तुम्हाला कामं असतात."

"नको. माझा नंबर शेवटचा."

"घोरपडे बाई, जागेवर बसा!" साहेब ओरडला.

"बसते सर," खालून आवाज आला. "नंबर आला की जाऊन येते, मग बसते."

बाजारातल्या संडासाचं कुलूप तो मंगळवार धरून तिसऱ्या मंगळवारी निघालं. सिमेंट कुठं गेलं ते उत्तमरावांनाच ठाऊक. मी आज त्र्याहत्तर वर्षांची आहे, उरलेलं मूत्रपिंड शाबूत आहे आणि ओटाही माझाच आहे. कुलूप निघायच्या आधीच्या, मधल्या मंगळवारी मात्र आम्ही कळशा घेऊन पुन्हा कचेरीत गेलो, तर जिन्याच्या तोंडाशीच मोठा माठ भरून ठेवलेला, वर दोन पेले पालथे. साहेब नुकताच वर येत होता. त्यानं माठाकडे बघून विचारलं, "हे कुणी आणलं इथं?"

घोरपडे बाईंनी कागदातून मान वर केली.

"मी, सर. आज मंगळवार आहे."